ब्रिग्गेन, बर्गन: बघायला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेच्या सहलीच्या पत्रकावर एक फोटो हमखास असतो. पाण्याकाठी एकमेकींना टेकून उभी राहिलेली लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं. तेच बर्गन शहरातलं ब्रिग्गेन. बरेचसे पाहुणे त्या रांगेसमोर उभे राहून तसाच एक फोटो काढतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. त्यांनी इतक्या लवकर बसमध्ये चढू नये, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

ब्रिग्गेन म्हणजे नेमकं काय?

बर्गनच्या जुन्या बंदराला वोगेन म्हणतात. त्याच्या ईशान्य काठावरची ही जुनी व्यापारी वस्ती. 1360 च्या सुमारास हान्सा संघाने इथे आपली वखार थाटली. हान्सा म्हणजे ल्युबेकच्या पुढाकाराने चालणारा उत्तर जर्मन व्यापारी शहरांचा संघ. लंडन, ब्रुज, नोव्हगोरोद आणि बर्गन अशा त्याच्या चार मोठ्या वखारी परदेशात होत्या. त्यांपैकी अख्खी वस्ती म्हणून आज उभी आहे ती फक्त बर्गनची. उरलेल्या 62 इमारतींसह ती 1979 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

ही घरं म्हणजे नुसती राहायची घरं नव्हेत, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. एकाच छपराखाली गोदाम, हिशेबाची खोली, जेवणघर आणि नोकरांची झोपायची जागा असायची. शिवाय पाण्याकडे तोंड केलेला, माल वर ओढायच्या कप्प्यांचा दर्शनी भाग.

ही घरं खरंच मध्ययुगातली आहेत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याला सरळ होय किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. आज दिसणारी बहुतेक लाकडी घरं 1702 नंतरची आहेत. त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या आगीत बर्गनचा बहुतांश भाग जळाला आणि ब्रिग्गेनही गेलं. त्याआधीही ते जळलं होतंच, 1198, 1248 आणि 1476 साली. लाकडाचं शहर, गोदामांत खच्चून भरलेला वाळका माल आणि समुद्राचा वारा. आग लागली की ती थोडक्यात आटोपत नसे.

खरी गंमत पुढे आहे. आग विझली की व्यापारी त्याच जागेवर, त्याच मापाच्या पट्टीत, त्याच पद्धतीने पुन्हा बांधायला घ्यायचे. प्रत्येक घरामागे मालकी हक्काची एक अरुंद, लांबलचक पट्टी होती आणि शेजाऱ्याची पट्टी लगेच सुरू व्हायची, त्यामुळे आराखडा बदलायला वावच नव्हता. म्हणून 1702 नंतर बांधलेलं हे ब्रिग्गेन आराखड्याने मध्ययुगीन आहे आणि लाकडाने अठराव्या शतकातलं. मागच्या बाजूची काही दगडी कोठारं मात्र पंधराव्या शतकाइतकी जुनी आहेत. दगड जळत नाही, एवढं साधं त्याचं कारण.

‘म्हणजे हे अस्सल नाही तर’ असं म्हणून नाक मुरडणारे पाहुणे भेटतात. मला ते पटत नाही. जळल्यावर तसंच पुन्हा बांधायचं, हाच या वस्तीचा सातशे-आठशे वर्षांचा रिवाज आहे. त्या हिशेबाने 1702 नंतरची बांधणी अस्सल ब्रिग्गेनच म्हटली पाहिजे.

मात्र दर्शनी रांगेतलं सगळंच त्या काळातलं आहे असंही समजू नका. मासळी बाजाराकडच्या बाजूची जुनी लाकडी घरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडली गेली आणि तिथे त्याच टोकदार त्रिकोणी माथ्यांच्या विटांच्या इमारती उठल्या. दुसऱ्या टोकाला, किल्ल्याकडे, 4 जुलै 1955 च्या आगीत उत्तरेकडचा भाग जळाला. तिथे आज हॉटेल आहे आणि त्याचा दर्शनी भाग 1980 च्या सुमारास जुन्या घरांसारखा बांधलेला आहे. लाकडी फळ्या तशाच, रंगही तसेच, पण रेषा अगदी सरळ. सरळ रेषा दिसली की ते नवं समजायचं, ही खूण सहसा चुकत नाही.

मग 1955 नंतर बाकीचं का पाडलं नाही?

पाडणारच होते. बऱ्याच लोकांना ती घरं म्हणजे शहराच्या मध्यभागी उभा असलेला धोकादायक कचरा वाटत होता. त्याआधी युद्धाचा तडाखाही बसला होता. 20 एप्रिल 1944 रोजी वोगेनमध्ये ‘फोरबोडे’ नावाच्या डच जहाजातल्या 120 टन स्फोटकांचा स्फोट झाला. दीडशेच्या आसपास माणसं गेली, ब्रिग्गेनची छपरं उडाली, शेजारच्या किल्ल्यातल्या राजवाड्याचं आणि मनोऱ्याचं अतोनात नुकसान झालं. शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. तोवर ही वस्ती लोकांच्या तोंडी ‘जर्मन धक्का’ या अर्थाच्या नावानेच होती. युद्ध संपल्यावर ‘जर्मन’ गळलं आणि नुसता ‘धक्का’ म्हणजे ब्रिग्गेन उरलं.

1955 च्या आगीनंतर मतं फिरली ती मुख्यतः जमिनीखाली जे सापडलं त्यामुळे. 1962 साली घरं सांभाळण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झालं. आज निम्म्याहून अधिक इमारती त्याच्या मालकीच्या आहेत, आणि दुरुस्तीचं काम कुठे ना कुठे चालूच असतं.

जमिनीखाली काय सापडलं?

जळालेल्या जागेवर आस्ब्योर्न हेर्टाइग यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ चाललं. थरावर थर निघाले. प्रत्येक आगीचा राखेचा एक थर, त्यावर पुढच्या वस्तीचा, मग पुन्हा राख. या राखेच्या थरांवरून कुठली वस्तू कुठल्या काळातली हे लावता आलं, कारण आगींची सालं कागदोपत्री माहीत होती. ज्या आगींनी वस्ती संपवली त्याच पुढे संशोधकांना पंचांगासारख्या कामी आल्या.

आणखी एक गोष्ट कळली. आज आपण जिथे उभे राहून फोटो काढतो ती जागा मूळची समुद्राची. जळकं लाकूड, शेण, कचरा, तुटकी भांडी हे सगळं ओंडक्यांच्या चौकोनी पेट्यांमध्ये भरत भरत धक्का पुढे सरकत गेला. मूळ किनारा कितीतरी आत होता.

पण सगळ्यात लाडकी सापडलेली वस्तू म्हणजे रून लिपीत कोरलेल्या लाकडी काटक्या. ब्रिग्गेनमधून असे 670 च्या आसपास कोरीव मजकूर मिळाले. तोवर समज असा होता की रून लिपी म्हणजे स्मारकशिळांवर राजा-सरदारांची नावं कोरायची लिपी, आणि मध्ययुगात ती मागे पडली असणार. इथे मात्र चौदाव्या शतकापर्यंत साधी माणसं रोजच्या कामाला ती वापरताना दिसली. मालाच्या गाठोड्याला बांधायच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या, हिशेब, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी, शिव्या. एका काटकीवर कोरलंय, ‘ग्युडा म्हणते, घरी ये’. बहुधा कुणीतरी दारूच्या अड्ड्यात बसलेल्या नवऱ्याला पाठवलेला निरोप. खाली उत्तरादाखल कोरायचा प्रयत्न दिसतो, पण तो वाचता येत नाही. उत्तर देणारा किती प्यायला होता, याचे तर्क अभ्यासकसुद्धा हसत हसत करतात.

हे सगळं बघायचं कुठे?

ब्रिग्गेन्स म्युझियममध्ये. 1976 साली ते उत्खननाच्याच जागेवर उघडलं. आत गेल्यावर बाराव्या शतकातल्या इमारतींचे लाकडी पाये जिथे सापडले तिथेच पाहायला मिळतात. वेळ कमी असेल आणि एकच तिकीट काढायचं असेल तर हे काढा. त्यानंतर बाहेरच्या बोळात गेलात की पायाखालच्या फळ्या वेगळ्या वाटायला लागतात.

ब्रिग्गेन बघायला तिकीट लागतं का?

नाही. ही शहराचीच एक वस्ती आहे. बोळ उघडे असतात, फिरायला पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते संग्रहालयांना. दुकानं आणि कार्यशाळा संध्याकाळी बंद होतात आणि रविवारी नॉर्वेत बरंच काही बंद असतं, तेवढं बेतात धरा.

मासळी बाजाराकडच्या कोपऱ्यावरचं हान्सा संग्रहालय 1872 मध्ये सुरू झालेलं, पण मोठ्या दुरुस्तीसाठी 2018 पासून बंद झालं. जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघूनच बेत आखा, नाहीतर कुलूप बघून परत यावं लागेल.

बोळात शिरल्यावर काय बघायचं?

इथे घाई करू नका. समोरून जी सहा-सात फुटांची फट दिसते, तिच्यातून आत जायचं. दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा मागे मागे गेलेल्या असतात आणि मध्ये लाकडी फळ्यांचा रस्ता. दोन रांगा आणि मधला बोळ मिळून एक ‘गोर’, म्हणजे एक वाडाच म्हणा. प्रत्येकाला नाव आहे: स्वेन्सगोरेन, एनयोर्निंगेन, ब्रेड्सगोरेन, बेलगोरेन. एनयोर्निंगेन म्हणजे एकशिंगी घोडा, आणि तो दर्शनी भिंतीवर बसवलेलाही आहे.

वर बघा. वरच्या मजल्यांवरून बाहेर आलेले लाकडी सज्जे दिसतील. जिने बाहेरूनच चढतात, कारण आतली जागा मालासाठी राखायची. छपराच्या टोकाशी पुढे आलेली तुळई आणि तिची कप्पी दिसेल. होडीतून माल थेट वरच्या माळ्यावर जायचा. भिंती ओंडके खाचांत अडकवून रचलेल्या आहेत आणि बाहेरून फळ्यांचं आवरण. कोपऱ्यावर फळी निघालेली असेल तर ओंडक्यांची गुंफण स्पष्ट दिसते. सुतारकामात थोडासाही रस असेल तर तिथून हलणं अवघड.

बोळ संपतो तिथे जाड भिंतींची दगडी कोठारं लागतात. किमती माल, कागदपत्रं तिथे ठेवत, म्हणजे पुढचं सगळं जळालं तरी तेवढं वाचेल. मागच्या छोट्या चौकात लाकडात कोरलेला भलामोठा कॉड मासा आहे. मुलं त्यावर चढायला बघतात.

आत बऱ्याच ठिकाणी चित्रकार, सोनार, चामड्याचं काम करणारे कारागीर यांच्या कार्यशाळा आहेत. जिन्यावर पाटी दिसली तर बिनधास्त वर जा, विकत काही घेतलंच पाहिजे असं नाही. एकच गोष्ट कसोशीने पाळा: कुठेही सिगारेट किंवा काडी पेटवायची नाही. या वस्तीचा इतिहास वाचल्यावर त्याचं कारण सांगावं लागत नाही.

इतक्या थंडीत ही माणसं शेकोटीशिवाय कशी राहायची?

राहायची, आणि ते कठीण होतं. घरांमध्ये आगीला मनाई होती. चूल नाही, शेगडी नाही, उजेडाचीही पंचाईत. स्वयंपाक आणि ऊब यांसाठी वस्तीच्या मागे वेगळ्या इमारती होत्या, त्यांना शोत्स्तुएने म्हणतात. हिवाळ्यात सगळे तिथे जमायचे. जेवण, बिअर, सभा, शिक्षा, पोरांची शाळा, सगळं तिथेच. सेंट मेरी चर्चच्या मागे त्या आजही बघता येतात. माझ्या मते ब्रिग्गेनमधलं हे सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण आहे. लांब बाकं, काळवंडलेली लाकडं आणि तिथे शेकत बसलेल्या शंभरेक पुरुषांची कल्पना.

हो, फक्त पुरुष. वखारीत राहणाऱ्याला लग्न करायची परवानगी नव्हती. हिवाळ्यात हजारेक आणि उन्हाळ्यात जहाजं आली की त्याहून बरेच जास्त जर्मन पुरुष आणि मुलगे इथे राहायचे. दहा-बारा वर्षांची पोरं उमेदवारीला यायची, वर्षानुवर्षं राबून हाताखालचे कारकून व्हायची, आणि नशीब असेल तर घराचे कारभारी. पोरं भिंतीत बसवलेल्या, कपाटासारख्या दारं लावायच्या पलंगांवर झोपत. नव्याने आलेल्यांची ‘परीक्षा’ घ्यायचे खेळही होते. त्यात पोराला दोरीने धुराड्यात टांगून खालून धूर करायचा, बंदरातल्या गार पाण्यात बुचकळायचं, फोकांनी झोडपायचं. आजच्या भाषेत सरळ रॅगिंग.

एवढ्या लांब येऊन ते विकायचे काय?

वाळवलेला कॉड. बाकी सगळं त्याच्या मागे.

उत्तर नॉर्वेत, विशेषतः लोफोटेन बेटांवर, हिवाळ्याच्या शेवटी कॉड मासे अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतात. ते पकडून, साफ करून, शेपटीला जोडी बांधून उंच लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ अजिबात नाही. थंड वाऱ्यात तीन महिन्यांत मासा लाकडासारखा कडक होतो आणि मग वर्षानुवर्षं टिकतो. वर्सोव्याला किंवा सातपाटीला वलांडीवर टांगलेले बोंबील बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की तिथे ऊन काम करतं, इथे थंडी.

युरोपातल्या कॅथलिकांना उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, मासा चालायचा. त्यामुळे या वाळक्या माशाला मागणी प्रचंड. उलट उत्तर नॉर्वेत धान्य जवळजवळ पिकत नाही. जर्मन व्यापारी बाल्टिकच्या बाजूचं धान्य आणि पीठ आणायचे आणि मासा न्यायचे. व्यवहार रोखीचा नव्हता. या वर्षी पीठ उचल म्हणून द्यायचं, पुढच्या वर्षीच्या माशांत ते वळतं करून घ्यायचं. मासे कमी पडले की बाकी वाढत जायची आणि मच्छीमार त्याच व्यापाऱ्याला बांधला जायचा. उचल म्हणजे काय हे महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांना कुणी शिकवायला नको, तसं ते लोफोटेनच्या कोळ्यांनाही नको होतं. ब्रिग्गेनच्या सुंदर रंगांकडे बघताना ही बाजूही डोक्यात असू द्या.

1754 मध्ये जर्मनांची वखार संपली आणि व्यापार नॉर्वेच्या वखारीकडे आला. ती 1899 पर्यंत चालली. तोवर बरेच जर्मन बर्गनकर होऊन गेले होते. बर्गनमधली कित्येक आडनावं आजही जर्मन वळणाची आहेत.

घरं वाकडी का आहेत? आत जाणं सुरक्षित आहे ना?

सुरक्षित आहे. वाकडी असण्याचं कारण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे.

वर सांगितलं तसं, घरं कचरा-राख-लाकूड भरून केलेल्या जमिनीवर उभी आहेत. ही भर जोपर्यंत पाण्याने चिंब असते तोपर्यंत तिच्यातलं लाकूड कुजत नाही, कारण हवा आत पोचत नाही. भूजल खाली गेलं की हवा शिरते, शतकानुशतकं टिकलेलं लाकूड कुजायला लागतं, जमीन खचते आणि वरचं घर कलतं. जळालेल्या भागावर हॉटेल बांधताना जमिनीत जो अडसर आणि निचऱ्याची जी व्यवस्था झाली, तिने नेमकं हेच केलं. शेजारच्या जुन्या घरांखालचं पाणी ओढलं गेलं.

हे लक्षात आल्यावर उलटा उपाय केला गेला. छपरांवरचं आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायची सोय केली, आणि भूजलाची पातळी पुन्हा वर आली. बर्गनमध्ये पावसाच्या पाण्याची टंचाई कधीच नव्हती. दुरुस्तीत अख्खं घर जॅकवर उचलतात, खालचे कुजलेले ओंडके काढतात, नवे घालतात आणि घर परत खाली बसवतात. पूर्ण सरळ करत नाहीत. जितकं कललं होतं तेवढं कलतं ठेवणं हाही जतनाचा भाग. दुरुस्तीचं काम चालू असलेलं घर दिसलं तर थांबून बघा. कुऱ्हाडीने ओंडका तासणारा सुतार इथे देखावा म्हणून उभा केलेला नसतो, त्याचं ते रोजचं काम आहे.

पुढची काळजी समुद्राची आहे. वादळी भरतीला धक्क्यावर पाणी येतं आणि पातळी वाढत जाणार आहे. भांडणं तर चालूच असतात. शहराची ट्राम ब्रिग्गेनसमोरच्या रस्त्यावरून न्यायची की बोगद्यातून, यावर बर्गनकर वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत आले आहेत.

बर्गनला पोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. युरोपातल्या किंवा आखातातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलून, किंवा ऑस्लोमार्गे. बर्गन विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते, पाऊण तासाच्या आसपास लागतो. शेवटच्या थांब्यावरून ब्रिग्गेन दहा-पंधरा मिनिटं चालत. ऑस्लोहून येत असाल तर एकदा तरी रेल्वेने या. 1909 साली पूर्ण झालेली ही लाइन पठारावरून येते, सात तासांच्या आसपास घेते आणि वाटेत जूनमध्येही बर्फ दिसू शकतो.

नॉर्वे शेंगेन गटात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा चालतो. पण युरोपीय संघात नाही, म्हणून चलन युरो नाही, क्रोनर आहे. रोख बदलून घेण्याची फारशी गरज पडत नाही, पाण्याच्या बाटलीपासून सगळीकडे कार्ड चालतं. तशी बाटलीचीही गरज नाही, नळाचं पाणी उत्तम.

पाऊस किती असतो?

खूप. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे साधारण मुंबईइतका. मुंबईत तो चार महिन्यांत उरकतो, इथे बाराही महिने वाटून पडतो. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 2007 च्या जानेवारीपर्यंत सलग 85 दिवस पाऊस झाला होता. मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. ओल्या फळ्या शेवाळलेल्या पायऱ्यांसारख्या निसरड्या होतात, तेव्हा बुटांचे तळवे बघून घ्या.

पाऊस आहे म्हणून बेत रद्द करू नका. ओल्या लाकडाचा रंग गडद होतो, डांबराचा वास येतो आणि गर्दी पळते.

कोणत्या वेळी जावं?

मे ते सप्टेंबर क्रूझचा मोसम. किल्ल्याच्या पलीकडच्या धक्क्याला मोठी जहाजं लागतात आणि सकाळी दहा ते दुपारी चार बोळांत पाऊल टाकायला जागा नसते. सकाळी आठला या किंवा संध्याकाळी सातनंतर. जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला असं होतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र साडेतीनला अंधार पडतो.

फोटोसाठी घरांचं तोंड नैर्ऋत्येला आहे हे ध्यानात ठेवा. सकाळी ऊन पाठीमागून येतं, दर्शनी भाग सावलीत जातो. दुपारनंतर वोगेनच्या पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहा.

सहलीच्या कंपनीने तासभरच दिलाय. काय करू?

समोरचा फोटो दोन मिनिटांत उरका. बेलगोरेनच्या बोळात शिरा, मागच्या दगडी कोठारांपर्यंत जा, दुसऱ्या बोळाने बाहेर या. उरलेल्या वेळात सेंट मेरी चर्च. बाराव्या शतकातलं हे चर्च शहरातली सगळ्यात जुनी उभी असलेली इमारत. 1408 ते 1766 ते जर्मनांकडे होतं. फ्लोयेन डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेच्या रांगेत तासाभरात उभं राहू नका, ती रांगच तास खाते.

दिवसभर असाल तर किल्लाही घ्या. 1261 मध्ये पूर्ण झालेलं राजा होकॉनचं सभागृह आणि शेजारचा रोसेनक्रान्त्स मनोरा ब्रिग्गेनपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मनोरा बघून कळतं की नॉर्वेच्या राजाचे अधिकारी या श्रीमंत पाहुण्यांवर किती बारीक नजर ठेवून होते.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

उपाशी राहणार नाही, पण ब्रिग्गेनमध्येच जेवायचा हट्ट सोडा. तिथल्या खानावळी माशांच्या, आणि महाग. शहरात भारतीय उपाहारगृहं आहेत. राहायच्या जागी स्वयंपाकघर असेल तर सुपरमार्केटमधून सामान आणून करणं सगळ्यात स्वस्त. बर्गनची खास दालचिनीची गोल पावरोटी, शिलिंग्सबोले, जरूर खा. अंडं चालत नसेल तर आधी विचारा.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बर्गनचं मलईदार फिश सूप सोडू नका. वाळका कॉड भिजवून, बटाट्याबरोबर शिजवलेला मिळतो. पहिल्या घासाला सपक वाटेल, कारण आपल्या जिभेला सुकटाबरोबर तिखटाची सवय. मासळी बाजारात व्हेलचं मांसही विकायला असतं. नॉर्वेत ते कायदेशीर आहे. चाखायला पुढे करतात, नको असेल तर नको म्हणा, कुणाला राग येत नाही.

आई-बाबांना घेऊन जाणार आहे. चालेल का?

समोरचा रस्ता सपाट आहे, तिथे अडचण नाही. बोळांतल्या फळ्या उंचसखल, मागे गोटे बसवलेली वाट, आणि वरच्या मजल्यांचे जिने अरुंद नि उभे. चाकाची खुर्ची बोळात ढकलणं त्रासाचं आहे. गुडघे दुखत असतील तर वर चढायला लावू नका, खालून सज्जे बघणंही पुरेसं आहे. ब्रिग्गेन्स म्युझियम आधुनिक इमारतीत आहे, तिथे बसायला, वावरायला सोपं जातं. मुलांना रून लिपीत स्वतःचं नाव लिहायला सांगा, ती अर्धा तास हलत नाहीत.

आठवण म्हणून काय घ्यावं?

पुढच्या रांगेतली मफलर, चुंबकं आणि राक्षसाच्या बाहुल्या ऑस्लोतही मिळतात. ख्रिसमसच्या वस्तूंचं वर्षभर चालणारं दुकान बघायला मजेशीर आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आतल्या कार्यशाळांमध्ये करा. वस्तू जिने केली तीच समोर बसलेली असते. वाळका मासा घ्यायचा मोह झालाच तर तीन पदरी पिशवीत बांधा. विमानातल्या शेजाऱ्याचा विचार करा.

हान्साच्या इतिहासात रस निर्माण झाला. आणखी कुठे जाऊ?

ल्युबेकला. तिथे 2015 मध्ये उघडलेलं हान्सा संग्रहालय मोठं आणि नीट मांडलेलं आहे, आणि जुनं शहर 1987 पासून जागतिक वारसा. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचं विस्बी आणि एस्टोनियाचं टालिन हीदेखील याच जाळ्यातली, दोन्ही तटबंदीसकट शाबूत. पण तिन्ही ठिकाणी विटा आणि दगड. लाकूड बघायचं असेल तर बर्गनच. आणि मासा मुळात जिथून यायचा तिथवर जायचं असेल, तर बर्गनहून किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी बोट लोफोटेनपर्यंत नेते. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर मांडवांवर कॉड टांगलेले असतात.